सरांची यादी, तुझी वही

मॅडम,
सप्रेम नमस्कार. मी सोलापूरला अकरावी कॉमर्सला आहे. मला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली होती. आमच्या कॉलेजमधल्या चित्रकलेच्या सरांनी यंदा इंटरमिजिएट झालेल्या मोजक्या मुलांची वेगळी, पुढच्या तयारीची तुकडी केली आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी छापील यादी दिली आणि पालकांची सही आणायला सांगितली. स्केचबुकमध्ये रोज दोन पानं. पिंटरेस्टवरून किंवा दुसऱ्याच्या फोटोवरून काढायचं नाही, एआय अजिबात नाही. दर शनिवारी काम भिंतीला लावायचं आणि प्रत्येकाने त्यावर बोलायचं. उशिरा आणलेलं काम बघितलं जाणार नाही. रंग आणि कागद सर सांगतील त्याच कंपनीचे. आणि मार्चपर्यंत स्वतःच्या एकाच विषयावर पंधरा चित्रं. सर म्हणतात, अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षांत एपी नावाचा असाच वर्ग असतो.

गेल्या शनिवारी मी तळ्यातल्या सिद्धेश्वर मंदिराचं चित्र लावलं. चार दिवस खपून केलेलं. सर म्हणाले, “सुबक आहे, पण यात तू कुठे आहेस? ही कारकुनी झाली.” सगळे हसले. मी घरी येऊन खूप रडले. माझे पप्पा चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढतात. ते म्हणाले, एवढ्या खर्चात आणि वेळात अकाउंट्सची शिकवणी होईल. त्यांनी अजून सही केलेली नाही. मला विषयही सुचत नाही. सरांच्या अपेक्षा जास्त आहेत की मीच कमी पडते? वर्ग सोडू का?
— एक विद्यार्थिनी, अशोक चौक, सोलापूर

प्रिय मुली,

वर्ग सोडू नकोस. यादीत जे मागितलंय त्यातलं बहुतेक तुझ्या तयारीच्या मुलांकडून मागायलाच हवं. दोन-तीन गोष्टींबद्दल सरांशी बोलावं लागेल, ते कसं बोलायचं ते पुढे सांगते.

पण आधी त्या शनिवारचं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या कामाला सगळ्यांदेखत ‘कारकुनी’ म्हणणं आणि वर्गाला हसू देणं, हे सरांचं चुकलं. काम कितीही कच्चं असलं तरी चुकलं. ‘यात तू कुठे आहेस?’ हा प्रश्न मात्र चांगल्या शिक्षकाचा आहे. दोन्ही वाक्यं एका दमात आली म्हणून तुझ्या मनात ती एकमेकांना चिकटून बसली आहेत. ती सोडव. एक टाकून दे, दुसरं जपून ठेव, कारण पुढची दोन वर्षं तुझी त्याच्याशीच गाठ आहे.

तुला एवढं का लागलं, तेही मला कळतं. आजवर तुला ज्यासाठी शाबासकी मिळाली, नेमकं तेच इथे पुरेनासं झालं. एलिमेंटरी काय, इंटरमिजिएट काय, या शासकीय परीक्षांमध्ये विषय समोर येतो. स्थिरचित्राची मांडणी टेबलावर ठेवलेली असते, स्मरणचित्राचे विषय प्रश्नपत्रिकेत छापलेले असतात, संकल्पचित्राचा आकारसुद्धा दिलेला असतो. दिलेल्या वेळात प्रमाण, रंगसंगती, सफाई साधली की श्रेणी मिळते. ती ‘अ’ श्रेणी तू हाताच्या कष्टाने मिळवली आहेस आणि ती खोटी नाही. तो हात पुढेही लागणारच आहे. फक्त आता टेबलावर मांडणी कुणी ठेवणार नाही. काय बघायचं, कुठे उभं राहून बघायचं, काय सोडायचं, हे सगळं तू ठरवायचं. पुढच्या तुकडीत नवीन असतं ते एवढंच, आणि ते अवघड असतं. पहिले काही महिने चांगल्या हाताच्या मुलांची चित्रं आधीपेक्षा वाईट होतात. मी वर्षानुवर्षं ड्रॉइंग शिकवलं आहे आणि हे दर तुकडीत पाहिलं आहे. तुझी चित्रं वाईट व्हायला लागली तर घाबरू नकोस. तशीच सुबक येत राहिली तर मला जास्त काळजी वाटेल.

आता स्केचबुक. रोज दोन पानं म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर रोज दोन चित्रं आली असणार, आणि तिथेच छातीत धस्स झालं असणार. स्केचबुक दाखवायची वही नाही. ती डोळ्यांच्या तालमीची जागा आहे. त्यातलं एखादं पान म्हणजे बसची वाट बघणाऱ्या बाईची नुसती पाठ आणि पिशवीचा ताण. दुसऱ्यावर आईच्या हातातली कडक भाकरी मोडताना बोटं कशी वळतात, त्याचे पाच प्रयत्न, पाचही फसलेले. त्याला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. खोडरबर घरी ठेव, चुकलेली रेघ राहू दे, शेजारी दुसरी मार. पुढच्या वेळी हात कुठे सुधारला ते त्या दोन रेघांमधूनच कळतं.

आणि एक कर. चौदा पानं शुक्रवारी रात्री बसून भरू नकोस. शिक्षकाला ते वही उघडताच दिसतं. सगळीकडे एकच पेन्सिल, एकच दाब, एकाच ट्यूबलाइटखालची सावली आणि विषय म्हणजे घरातली बाटली, चार्जर, चप्पल. रोजची पानं वेगळी दिसतात, कारण रोजचा उजेड वेगळा असतो. सोलापुरात तर उजेडाला तोटा नाही. उन्हाळ्यात दुपारी बाराला नव्या पेठेत सावल्या पायाखाली गोळा होतात आणि संध्याकाळी पाचला त्याच रस्ताभर लांब होतात. दोन्ही वेळा तीच टपरी काढून बघ. मंगळवार बाजारात माणसं थांबत नाहीत, तिथे रेघ पटकन मारायला शिकशील. किल्ल्याची तटबंदी थांबून असते, तिथे प्रमाण शीक. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येईल. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत एवढ्या उंच काठीचा तोल सांभाळणाऱ्या माणसाची मान, खांदा आणि टाच एका ओळीत कशी येते, ते उभ्या-उभ्या टिपून घे. असं पान कुठल्या फोटोवरून मिळत नाही.

यावरून पिंटरेस्टकडे येते. तू लिहिलं नाहीस, पण मला वाटतं ते मंदिराचं चित्र तू फोटोवरून केलंस. शांत पाणी, मधोमध मंदिर, खाली उलटं प्रतिबिंब. तो कोन मी शेकडो वेळा पाहिला आहे, सरांनीही पाहिला असेल. ‘तू कुठे आहेस’ हे त्यांनी बहुधा त्यासाठीच विचारलं. कुठे उभं राहायचं हे छायाचित्रकाराने ठरवलं, चौकट त्याने ठरवली, काय वगळायचं तेही त्यानेच. तुझ्या वाट्याला रंग भरणं उरलं. नियम कडक वाटतो, पण तो तुमच्या सरांच्या पदरचा नाही. एपीच्या नियमांतही दुसऱ्याच्या छायाचित्रावर किंवा चित्रावर काम बेतलं तर त्यात नकलेच्या बरंच पुढे गेलेलं स्वतःचं काही दिसावं लागतं, आणि एआयला तर कामाच्या कुठल्याही टप्प्यावर बंदी आहे. स्वतः काढलेला फोटो आठवणीसाठी वापरायला सरांची हरकत नसावी, पण एकदा विचारून घे.

नक्कल का नको, हे मी सांगण्यापेक्षा तुझ्या घरातल्या चादरीवर स्वतः करून बघ. सोलापुरी जॅकार्डची, म्हणजे विणतानाच नक्षी उमटलेली चादर, नक्षी ठळक असेल ती, खुर्चीच्या पाठीवर नीट न घालता नुसती टाक. खिडकीकडून एका बाजूने उजेड येऊ दे. आता काढ. पहिल्या प्रयत्नात काय होईल ते सांगते. आधी चादरीचा बाह्याकार काढशील, मग चुण्यांच्या रेघा, आणि मग त्यावर नक्षी भरशील. सगळी फुलं सारख्या मापाची, एका ओळीत, जणू चुण्या नाहीतच. हाताने माहितीतलं काढलं, डोळ्याने बघितलंच नाही. आता जवळ जाऊन एकच चुणी बघ. फुगीर भागावर फूल पूर्ण दिसतं. बाजूला वळताना ते दबून चिंचोळं होतं. खाचेत त्याची अर्धी पाकळी गायब होते आणि पलीकडच्या काठावर भलतीच पाकळी वर येते, कारण मधला कापडाचा पट्टा आत दडला आहे. नक्षीची सरळ रेघ चुणीच्या कडेवर तुटते आणि थोडी सरकून पुढे सुरू होते. जिथे चादर उलटी पडली आहे तिथे तर रंगांचीच अदलाबदल झालेली दिसेल, जमिनीचा, म्हणजे फुलामागच्या कापडाचा रंग फुलाला आणि फुलाचा जमिनीला. ही एक चुणी, हातभर नव्हे, वीतभर, खरी उतरवायला तुला अख्खी दुपार लागेल. लागू दे. पिंटरेस्टवरच्या चित्रात ही तुटलेली रेघ दुसऱ्या कुणीतरी आधीच सोडवून ठेवलेली असते. तुझ्या डोळ्याला काम उरत नाही, म्हणून तो वाढत नाही.

आणि आता तू म्हणतेस, विषय सुचत नाही. अगं, तुझे पप्पा काय काम करतात ते तूच लिहिलं आहेस.

जॅकार्डचं डिझाइन ग्राफवर निघतं. चौकोनांची उभी ओळ म्हणजे ताण्याचा, कापडातला उभा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची एक फेक, आणि भरलेला चौकोन म्हणजे तिथे ताणा वर उचलायचा. त्यावरून कार्डांना भोकं पडत, एका फेकेला एक कार्ड. आता बऱ्याच ठिकाणी हे काम कॉम्प्युटरवर होतं, पण हिशोब तोच. म्हणजे गोल पाकळीसुद्धा पायऱ्या-पायऱ्यांनीच काढावी लागते, आणि ती लांबून गोल दिसेल अशी काढणं ही तुझ्या पप्पांची विद्या. माणूस चौकोनात विचार करून फूल काढतो, ते फूल कापडात जातं, आणि कापड घडी पडलं की ते मोडतं. हा विषय नाही तर काय? सपाट कागदावरची शिस्त वापरातल्या कापडात कुठे टिकते, कुठे विस्कटते, हा प्रश्न घेतलास तर वर्षभर पुरेल. नवी चादर, दहा वर्षं धुतलेली चादर, मागावर ताणलेली, दोरीवर वाळत घातलेली, झोपलेल्या आजीच्या अंगावरची. मी सुचवलं म्हणून हाच घ्यायला हवा असं नाही. पण विषय शोधायला काश्मीरला किंवा ‘स्त्रीचं दुःख’ अशा मोठ्या शब्दांकडे जाऊ नकोस. ज्याबद्दल तुला वर्गातल्या इतरांपेक्षा चार गोष्टी जास्त माहीत आहेत, तिथून सुरुवात कर. विषयापेक्षा प्रश्न शोध. ‘चादर’ म्हटलं की तीन चित्रांत संपतं, ‘घडीत नक्षीचं काय होतं’ विचारलं की तिसऱ्या चित्रातून चौथं निघतं.

पंधरा चित्रांचा आकडा सरांनी कुठून घेतला असावा, तेही सांगते. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, कॉलेज बोर्ड नावाची अमेरिकन संस्था ते चालवते. चित्रकलेला तिथे हॉलमधला पेपर नसतो, पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामांचा संच, पाठवायचा असतो. त्यात 40 टक्के वजन पाच निवडक कामांना आणि 60 टक्के वजन एका प्रश्नाच्या पाठपुराव्याला. या पाठपुराव्यासाठी 15 प्रतिमा मागतात. पण त्या पंधराही पूर्ण झालेल्या चित्रांच्या असाव्या लागत नाहीत. कच्ची स्केचेस, फसलेले प्रयोग, चालू कामाचे फोटो, एखाद्या भागाचा जवळून घेतलेला तपशील, हेसुद्धा त्यात चालतं. उलट तुम्ही सराव काय केलात, काय करून बघितलंत, काय बदललंत, हेच तिथे तपासतात, आणि त्याबद्दल थोडक्यात लिहूनही द्यावं लागतं. सरांना हे माहीत असेलच. यादीत मात्र नुसतं ‘पंधरा चित्रं’ आलं आहे आणि तुझी झोप उडाली आहे. म्हणून विचार, “सर, यातली पूर्ण किती आणि प्रक्रियेची किती?” प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर ‘पंधराही पूर्ण’ असं आलं तर आकार लहान घ्यायची मुभा माग. अकरावीचा अभ्यास सांभाळून पंधरा मोठी चित्रं मार्चपर्यंत होणार नाहीत, आणि झाली तर घाईत होतील.

शनिवारचं भिंतीला लावणं टाळू नकोस. लावण्याआधी चित्राबद्दल एक अडचण कागदावर लिहून ने. ‘कसं वाटलं?’ असं विचारलंस तर ‘छान आहे’ किंवा ‘कारकुनी आहे’ असंच काहीतरी मिळणार. ‘ही चुणी फुगीर दिसत नाही, सपाट दिसते, का?’ असं विचारलंस तर सगळ्यांना चित्राकडे बघावंच लागेल. दुसऱ्याच्या कामावर बोलतानाही आधी काय दिसतं ते सांग, मग काय खटकतं ते. ‘मला आवडलं’ यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘डोळा आधी उजव्या कोपऱ्यातल्या लाल ठिपक्याकडे जातो आणि तिथेच अडकतो’ हे ऐकून चित्र काढणारा घरी जाऊन काहीतरी करू शकतो. कोण काय म्हणालं ते वहीत लिही, त्यातलं सगळं मानायचं बंधन नाही. आणि परत कुणी हसलं तर, “काय चुकलंय ते सांगा, मी लिहून घेते,” एवढंच शांतपणे म्हण.

वेळेच्या नियमाबद्दल मी सरांच्या बाजूने आहे. अर्धवट काम वेळेवर लावलेलं चालतं, त्यावर बोलता येतं. आजारपणाची सवलत तेवढी विचारून ठेव.

खर्चाच्या बाबतीत मात्र मी तुझ्या पप्पांच्या बाजूने आहे. रोजच्या सरावाला महागडा कागद लागत नाही. न्यूजप्रिंट चालतो, छापील कागदाची कोरी पाठ चालते, पप्पांच्या कारखान्यात बाद झालेले ग्राफ पडले असतील तर ते उत्तमच. पेन्सिली टू-बी, फोर-बी, सिक्स-बी एवढ्या पुरतात. रंगांचा मोठा डबा घेण्यापेक्षा तीन मूळ रंग, पांढरा आणि एक मातकट तपकिरी घेऊन बाकीचे मिसळून करायला शीक, हात त्यानेच तयार होतो. चांगला जाड कागद आणि बरे रंग शेवटच्या निवडक कामांना हवेत, कारण हलका कागद पाण्याने फुगतो आणि हलके रंग काही वर्षांत उडतात. तेवढ्यापुरते घे. सरांकडे एकटीच जा, शनिवारी सगळ्यांसमोर नको. म्हण, “सर, मला वर्ग करायचाच आहे. सरावाला साधा कागद आणि आहेत ते रंग वापरले तर चालेल का? शेवटच्या कामांसाठी तुम्ही सांगाल ते घेईन.” याला नाही म्हणणारा शिक्षक मला तरी भेटलेला नाही. त्याच वेळी, जमलं तर, हेही सांग: “त्या दिवशी सगळे हसले ते मला फार लागलं.” तक्रारीच्या सुरात नको, सांगितल्यासारखं सांग. बहुतेक शिक्षकांना आपला शब्द कुठे जाऊन बसला ते कळतच नाही.

राहिली पप्पांची सही. ते तुझ्या चित्रकलेच्या विरोधात आहेत असं मला पत्रावरून वाटत नाही. त्यांच्याच रेघेवर तुमचं घर चालतं. त्यांना खर्चाची आणि पुढे काय याची काळजी आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून त्यांच्यासमोर यादी ठेवून गप्प बसू नकोस, नीट माहिती ठेव. बारावीनंतर महाराष्ट्रात कलेच्या पदवीला, म्हणजे बीएफएला, राज्याची सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा असते. त्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असतं. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 पासून आहे, ते नाव त्यांनी ऐकलं असेल. एनआयडी आणि निफ्ट या डिझाइन आणि फॅशनच्या राष्ट्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या असतात, आणि दोन्हीकडे टेक्स्टाइल डिझाइन हा पदवीचा स्वतंत्र विषय आहे. डिझायनरच्या मुलीला ते काय आहे हे समजावून सांगावं लागणार नाही. या परीक्षांत नुसत्या सफाईने भागत नाही, निरीक्षण आणि कल्पना बघतात. म्हणजे सरांची यादी ज्याची तयारी करून घेते आहे, तेच. कॉमर्स सोडायची गरज नाही, कुठल्याही शाखेतून बारावी केलेल्यांना हे रस्ते खुले आहेत. अकाउंट्सची शिकवणी लागली तर तीही लाव. आठवड्याचं वेळापत्रक पप्पांसोबत बसून कर आणि त्यात स्केचबुकची पंचवीस मिनिटं त्यांच्या हातानेच लिहून घे.

आणि या रविवारी त्यांना एक गोल पाकळी ग्राफवर काढून दाखवायला सांग. तू शेजारी बसून त्यांच्या हाताचं चित्र काढ. त्या दिवशीची दोन पानं त्यातच होतील, आणि सहीचं बोलणं त्यानंतर काढ.

तुझी,
ड्रॉइंगच्या बाई